आचरणसूत्र आणि अपवाद : डमडम गोळीच्या वादाचे नीतिशास्त्रीय विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

कांटच्या नीतिमीमांसेचा परिचय करून देताना खोटे वचन देऊन कर्ज काढणाऱ्या मनुष्याचे उदाहरण बहुधा प्रथम घेतले जाते. ते कांटनेच दिलेले आहे आणि सुबोधही आहे. परंतु त्याच्या सुबोधपणामुळेच एक अवघड प्रश्न झाकला जातो. कर्ज काढणारा कोणत्या सूत्राला अनुसरून वागत आहे, हे ह्या उदाहरणात आपणांस आधीच सांगून टाकलेले असते. प्रत्यक्ष जीवनात असे सांगणारा कोणी नसतो. कर्ता आपले सूत्र स्वतःच शब्दांत मांडतो, आणि ते मांडताना त्यात काय घालावे व काय गाळावे हेही तोच ठरवितो. मग हा कर्ता एखादे साम्राज्य असेल, आणि सूत्राचा विषय समोरच्या मनुष्याच्या शरीरात कोणती गोळी शिरावी हा असेल, तर सूत्राच्या शब्दयोजनेचा प्रश्न केवळ तार्किक राहत नाही.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका ऐतिहासिक प्रकरणाच्या आधारे करावयाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश हिंदुस्थानात तयार झालेली 'डमडम' गोळी आणि तिच्यावरून १८९९ साली हेग येथे झालेला वाद, हे ते प्रकरण होय. ह्या वादात नैतिक दोष शिरला तो सूत्राच्या परीक्षेत नव्हे, तर सूत्राच्या लेखनात, असे येथे दाखवावयाचे आहे.

२. आचरणसूत्र म्हणजे काय

कांट ज्याला 'मॅक्झिम' म्हणतो त्याला येथे 'आचरणसूत्र' असा प्रतिशब्द योजला आहे. (त्या काळातील वसाहतींच्या युद्धांत गाजलेल्या मॅक्झिम तोफेचा ह्या संज्ञेशी संबंध नाही, ते तिचा संशोधक हायरम मॅक्झिम याचे आडनाव होय.) १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या 'नीतितत्त्वमीमांसेची पायाभरणी' ह्या ग्रंथात कांटने आचरणसूत्र आणि नियम यांत भेद केला आहे. कर्ता ज्या तत्त्वानुसार प्रत्यक्षात वागतो ते आचरणसूत्र. प्रत्येक विवेकी कर्त्याने ज्यानुसार वागले पाहिजे तो नियम. पहिले व्यक्तिनिष्ठ, दुसरा वस्तुनिष्ठ. आपले आचरणसूत्र सर्वांसाठी नियम व्हावे अशी इच्छा आपण विसंगतीत न सापडता करू शकू काय, हा निरुपाधिक आदेशाने विचारलेला प्रश्न आहे.

ह्या कसोटीवर घेतला जाणारा एक प्रसिद्ध आक्षेप एलिझाबेथ अॅन्स्कम यांनी १९५८ साली थोडक्यात मांडला. कृत्याचे कोणते वर्णन सूत्राच्या दृष्टीने प्रस्तुत मानावयाचे हे ठरल्याखेरीज कांटची कसोटी निरुपयोगी आहे, असे त्यांचे म्हणणे. वर्णनात पुरेसे तपशील भरले की जवळजवळ कोणतेही कृत्य कसोटीतून पार पडते. ओनोरा ओनील यांच्यासारख्या कांटच्या पुढील भाष्यकारांनी ह्यावर सुचविलेले उत्तर असे की, आचरणसूत्र म्हणजे कृत्याचे कोणतेही सोयीस्कर वर्णन नव्हे. कर्त्याच्या अनेक लहानमोठ्या निर्णयांना ज्याने आकार येतो ते मूलभूत तत्त्व म्हणजे आचरणसूत्र. हे उत्तर मान्य केले तर आचरणसूत्र कर्त्याच्या निवेदनातून जितके कळते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या वर्तनाच्या तुलनेतून कळते. कांटला ह्याची जाणीव होती. आपल्या हेतूंच्या तळाशी आपण स्वतःही पूर्णपणे पोहोचत नाही, असे तो त्याच ग्रंथात म्हणतो. तेथेच त्याने आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे : कर्तव्याचे उल्लंघन करताना आपले सूत्र सर्वांचा नियम व्हावा अशी इच्छा आपण करीत नसतो; नियम सर्वांसाठी तसाच राहावा आणि आपल्यापुरता, केवळ ह्या वेळेपुरता, अपवाद असावा एवढीच आपली इच्छा असते. पुढील प्रकरण म्हणजे ह्या निरीक्षणाचा विस्तृत पुरावाच आहे.

३. गोळीची हकीकत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश पायदळाजवळ मार्टिनी-हेन्री ही बंदूक होती. तिचा व्यास ०.४५ इंच असून तिची शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅम वजनाची होती. १८८८ साली तिच्या जागी ०.३०३ इंच व्यासाची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारण्यात आली. नव्या गोळीचे वजन सुमारे १४ ग्रॅम म्हणजे जुन्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी होते. वेग मात्र बराच अधिक होता. एवढ्या वेगात मऊ शिसे नळीच्या आट्यांत टिकत नसल्याने त्यावर तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे कठीण आवरण चढविण्यात आले. त्यामुळे गोळी दूरवर व अचूक जाऊ लागली. परंतु शरीरात शिरल्यावर न पसरता अनेकदा लहानसे छिद्र पाडून ती आरपार निघून जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर, जखमी शत्रू थांबत नाही, अशा तक्रारी सैन्यातून येऊ लागल्या.

कलकत्त्यानजीकच्या डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात ह्यावर उपाय शोधण्यात आला. (१८५७ च्या जानेवारीत चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता प्रथम पसरली ती ह्याच डमडमहून.) कारखान्याचे अधिकारी बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरील आवरण किंचित काढून आतील शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरताच टोकाकडून पसरते, आपला वेग जखमेतच खर्च करते आणि मांस व हाडे यांची फार मोठी हानी करते. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत अफ्रीदींविरुद्ध ती वापरण्यात आली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टोकाशी पोकळी असलेली 'मार्क ४' ही गोळी तयार झाली. सुदानात २ सप्टेंबर १८९८ रोजी झालेल्या ओमदुर्मानच्या लढाईत तिचा उपयोग झाला. त्या एका दिवशी महदीपंथी सैन्याचे सुमारे दहा हजार लोक मारले गेले. ब्रिटिश-ईजिप्शियन बाजूचे मृत पन्नासाहून कमी होते.

ह्या संहारात तोफा आणि मॅक्झिम तोफा यांचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्यावर हेग परिषदेने बंदी घातली नाही. मग एका गोळीचाच एवढा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न उद्भवेल. ह्याचे उत्तर १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणापत्रात आहे. चारशे ग्रॅमहून कमी वजनाची स्फोटक गोळी निषिद्ध ठरविताना त्यात एक तत्त्व सांगितले होते : युद्धाचा एकमेव न्याय्य हेतू शत्रूचे सैन्यबळ कमी करणे हा असून, मनुष्य निकामी झाल्यावर त्याच्या यातना निष्कारण वाढविणारे शस्त्र त्या हेतूच्या पलीकडे जाते. येथे संहाराच्या संख्येची गणना नाही. लढता न येणाऱ्या जखमी मनुष्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न आहे. पसरणाऱ्या गोळीचा वाद त्याच प्रश्नाचा होता.

४. हेग येथील युक्तिवाद

रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या पुढाकाराने १८ मे ते २९ जुलै १८९९ ह्या काळात हेग येथे सव्वीस राष्ट्रांची परिषद भरली. तीत पसरणाऱ्या गोळीचा विषय निघाला तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी तिचे समर्थन केले. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : सुसंस्कृत शिपायाला गोळी लागली की आपण जखमी झालो हे तो ओळखतो आणि मागे सरतो, रानटी योद्धा मात्र दोनतीन गोळ्या आरपार गेल्या तरी पुढे येतच राहतो, आणि आपण परिषदेच्या निर्णयांचा भंग करीत आहोत हे त्याला समजावून सांगण्यापूर्वी तो समोरच्याचे मस्तक उडवितो. रशियन प्रतिनिधी रॅफालोविच यांनी ह्यावर हरकत घेतली. रानटी आणि सुसंस्कृत असा भेद करता येणार नाही, दोघेही मनुष्यच असून समान वागणुकीस पात्र आहेत, असे ते म्हणाले.

ब्रिटिश पक्षाच्या एका तक्रारीत तथ्य होते, हे नमूद केले पाहिजे. ट्युबिंगेन येथील शल्यविशारद ब्रुन्स यांनी केलेल्या ज्या प्रयोगांचा दाखला युरोपात दिला जात होता, ते प्रयोग डमडम गोळीवर झालेले नसून शिसे कितीतरी अधिक उघडे असलेल्या शिकारी गोळ्यांवर झालेले होते. अॅबर्डीनचे शल्यविशारद ऑग्स्टन यांनी ही विसंगती दाखवून दिली. परंतु ह्या तक्रारीने गोळी थोडी कमी भयंकर ठरते. तिच्या वापरासाठी केलेला मनुष्यभेद त्याने समर्थनीय ठरत नाही.

अखेर २९ जुलै १८९९ रोजी मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांचा त्याग करणारे घोषणापत्र तयार झाले. ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्यास विरोध केला. ब्रिटनने ते १९०७ साली स्वीकारले.

५. सूत्राची परीक्षा

आता आर्डा यांच्या युक्तिवादातील आचरणसूत्र कोणते ते पाहू. त्याची दोन रूपे संभवतात.

पहिले रूप असे : 'जो शत्रू साध्या गोळीने थांबत नाही, त्याच्याविरुद्ध पसरणारी गोळी वापरावी.' ह्यात कोणाच्याही वंशाचा वा संस्कृतीचा उल्लेख नाही. शत्रू लढतो कसा, एवढाच विचार आहे. हे सूत्र सार्वत्रिक करता येईल. मात्र तसे केल्यास संगीन रोखून धावून जाणाऱ्या ब्रिटिश पलटणीवरही शत्रूने हीच गोळी झाडावी, हे मान्य करावे लागेल. ही किंमत मोजण्यास जो तयार असेल त्याचे सूत्र कठोर असले तरी प्रामाणिक म्हणता येईल.

दुसरे रूप असे : 'रानटी शत्रूविरुद्ध पसरणारी गोळी वापरावी.' येथे शत्रूच्या लढण्याच्या पद्धतीऐवजी शत्रूची जात सांगितली आहे.

ब्रिटनचे खरे आचरणसूत्र ह्यांपैकी कोणते? येथे केवळ निवेदनावर न विसंबता वर्तनाची तुलना केली पाहिजे, आणि इतिहासाने तशी तुलना उपलब्ध करून दिली आहे. ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध सुरू झाले. ब्रिटनने हेगच्या घोषणापत्रावर सही केलेली नव्हती. बोअर प्रजासत्ताकेही त्यात सामील नव्हती. कायद्याचे कोणतेही बंधन नसताना ब्रिटिश सरकारने ह्या युद्धासाठी पसरणारी गोळी बाजूस ठेवून पूर्ण आवरणाची जुनी 'मार्क २' गोळी वापरण्याचे ठरविले. मार्क ४ गोळीचे आवरण नळीत सुटण्याचा यांत्रिक दोष आढळला होता, हेही ह्या निर्णयाचे एक कारण होते. ह्याखेरीज असेही म्हणता येईल की, बोअर हे आडोशाने लांबून नेम धरणारे लढवय्ये होते, ते अंगावर धावून येत नसत. म्हणून त्यांच्याविरुद्ध ह्या गोळीची गरजच नव्हती. तसे असेल तर ब्रिटनचे वर्तन पहिल्या रूपाशी सुसंगत ठरते.

हा बचाव तिराहच्या डोंगरांत कोसळतो. अफ्रीदींचा लढाईचा प्रकार बव्हंशी बोअरांसारखाच होता. खडकांच्या आडोशाने दुरून अचूक गोळीबार करावयाचा, माघारी फिरणाऱ्या तुकड्यांना खिंडीत गाठावयाचे, ही त्यांची रीत. छातीठोक हल्ला करणारे ओमदुर्मानचे योद्धे होते, अफ्रीदी नव्हेत. म्हणजे लढण्याची पद्धत बव्हंशी सारखी असताना एका शत्रूविरुद्ध गोळी वापरली गेली आणि दुसऱ्याविरुद्ध ती वर्ज्य मानली गेली. बदलले ते समोरच्या मनुष्याचे वर्गीकरण. वर्तनास आकार देणारे सूत्र दुसरे होते. पहिले त्याचे वस्त्र होते.

ह्या दुसऱ्या सूत्राचे सार्वत्रिकीकरण वरवर पाहता निर्वेध होते. 'रानटी' हे सामान्यनाम आहे, विशेषनाम नव्हे; सर्व राष्ट्रांनी सर्व रानटी शत्रूंविरुद्ध ही गोळी वापरावी, ह्यात तार्किक व्याघात दिसत नाही. परंतु 'रानटी कोण' हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, असे विचारताच चित्र पालटते. हा अधिकार सर्वांना असेल, तर खेडी जाळीत आपल्या दऱ्यांत शिरलेल्या सैन्याला अफ्रीदीही रानटी म्हणू शकतील. हे ब्रिटनला मान्य झाले नसते. अधिकार ब्रिटनपुरताच असेल, तर 'रानटी' ह्या शब्दाचा अर्थ 'ज्यांना आम्ही रानटी म्हणतो ते' एवढाच उरतो, आणि सामान्यनामाच्या आड प्रथमपुरुषी सर्वनाम दडलेले आढळते. कांटने सांगितलेला 'आपल्यापुरता अपवाद' तो हाच. अपवाद नियमाच्या बाहेर राहिला असता तर कसोटीने तो पकडला असता. तो नियमाच्या शब्दांतच लिहिला गेल्यामुळे कसोटीतून निसटतो.

आर्डा यांच्या वर्णनातील एक विसंगतीही ध्यानात घेण्याजोगी आहे. दोनतीन गोळ्या लागूनही पुढे जाणारा शिपाई युरोपीय असता, तर त्याच्या शौर्याची वाखाणणी होऊन त्याला पदक मिळाले असते. तेच कृत्य पठाणाने वा सुदानी योद्ध्याने केले की ते जखमेची जाणीव नसल्याचे लक्षण ठरते. ज्याच्या धैर्याला धैर्य म्हणावयाचे नाही असे आधीच ठरविले आहे, त्याच्या यातनाही मोजल्या जात नाहीत.

६. प्रकटतेची कसोटी

'शाश्वत शांतता' ह्या १७९५ च्या प्रबंधात कांटने दुसरी एक कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेल्या ज्या कृत्यांचे सूत्र उघडपणे सांगता येत नाही, ती कृत्ये अन्याय्य होत. आर्डा यांनी तर आपले सूत्र सव्वीस राष्ट्रांसमक्ष उघडपणे सांगितले. मग ह्या कसोटीला ते उतरले असे म्हणावयाचे काय?

येथे 'उघडपणे' म्हणजे कोणासमोर, हे पाहिले पाहिजे. हेगच्या सभागृहात अफ्रीदी नव्हता, सुदानी नव्हता. ज्याच्या शरीरात ही गोळी शिरावयाची होती त्यांपैकी कोणीही नव्हता. कांटच्या कसोटीचा मथितार्थ असा की, ज्याच्या हक्काला बाधा पोहोचते त्याच्यासमोर सूत्र प्रकट झाले असता ते टिकले पाहिजे. समान पदवीच्या मंडळींत केलेली प्रकटता ही एका अर्थाने गुप्तताच होय. त्याच प्रबंधात कांटने व्यापाराच्या मिषाने हिंदुस्थानात परकी सैन्य आणल्याबद्दल युरोपीयांना दोष दिला आहे. तथापि मानववंशांवरील त्याच्या आधीच्या लेखनात वंशांची उच्चनीचता आढळते, हेही विसरता येत नाही. अपवाद शब्दांतून आत शिरतो हा धोका कसोटीच्या कर्त्यालाही चुकला नाही.

७. घोषणापत्राची मर्यादा

ब्रिटनला दोष देणाऱ्या राष्ट्रांची भूमिका तरी निर्दोष होती काय? घोषणापत्रातच असे कलम आहे की, ते केवळ करारबद्ध राष्ट्रांतील परस्परयुद्धास लागू राहील, आणि अशा युद्धात करारबाह्य राष्ट्र एका बाजूस मिळाल्यास त्याचे बंधन सुटेल. म्हणजे सर्व राष्ट्रांनी ते स्वीकारले असते तरी अफ्रीदी वा सुदानी योद्ध्याला त्याचे संरक्षण मिळाले नसते. रॅफालोविच यांनी सांगितलेले तत्त्व भाषणात राहिले, कलमात उतरले नाही. आर्डा यांनी जो भेद बोलून दाखविला, तोच इतरांनी न बोलता लिहून ठेवला.

करार आणि कर्तव्य यांतील हा भेद आपल्या परंपरेतही दिसतो. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धारंभी दोन्ही पक्ष युद्धाचे नियम ठरवितात. तो परस्परांतील 'समय' म्हणजे करार आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कपटशस्त्रे, उलट्या काट्यांचे, विषारी आणि अग्निदीप्त बाण यांचा निषेध आहे. तेथे मात्र शत्रूने काय मान्य केले आहे याची अट नाही. पहिल्या प्रकारचा नियम दुसरा पक्ष तो पाळतो म्हणून पाळावयाचा असतो. दुसऱ्या प्रकारचा, आपण कोण आहोत म्हणून. करारातून निघणारा नियम कराराबाहेरच्याला मोकळा सोडतो, आणि साम्राज्याची प्रजा बहुधा कराराबाहेरच असते.

नियमाचे अक्षर पाळून आशय टाळण्याचा मार्गही पुढे निघाला. १९१० साली ब्रिटनने स्वीकारलेल्या टोकदार 'मार्क ७' गोळीत आवरण पूर्ण होते. परंतु टोकात अॅल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरल्याने तिचा भार मागच्या बाजूस राही आणि शरीरात शिरल्यावर ती सहज कलंडत असे. जखम मोठी होई, घोषणापत्राचा भंग मात्र होत नसे.

८. वैध अपवाद कोणता

ह्यावरून प्रत्येक अपवाद अनैतिक ठरतो असे अनुमान काढणे चुकीचे होईल. युद्धात निषिद्ध असलेली ही गोळी आज अनेक देशांचे पोलीस दल वापरते. गोळी आरपार जाऊन मागच्या निरपराध मनुष्यास लागू नये, हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाते. ह्या अपवादावर वाद आहे. परंतु त्याचे स्वरूप वेगळे आहे. तो परिस्थितीवर आधारलेला आहे, मनुष्याच्या जातीवर नव्हे. त्याचे कारण ज्याच्यावर गोळी झाडली जाईल त्यालाही सांगता येते, आणि उद्या त्याच कारणाने ती आपल्यावर झाडली जाईल हे सांगणारा मान्य करू शकतो. मात्र हाच अपवाद विशिष्ट वस्तीपुरता वा विशिष्ट समाजापुरता वापरला जाऊ लागला, तर त्याचे शब्द तेच राहूनही आचरणसूत्र बदललेले असेल.

आंतरराष्ट्रीय कायदाही हळूहळू ह्याच दिशेने सरकला आहे. १९९८ च्या रोम संविधीने आंतरराष्ट्रीय सशस्त्र संघर्षातील पसरणाऱ्या गोळ्यांचा वापर युद्धगुन्हा ठरविला, आणि २०१० साली कंपाला येथे झालेल्या दुरुस्तीने हा निषेध, ती स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपुरता, देशांतर्गत संघर्षांनाही लावला. ज्या बंडखोराशी कोणताही करार झालेला नाही त्याच्याही शरीराचा विचार नियमात आला, ही १८९९ च्या मानाने मूलभूत सुधारणा होय.

९. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. सार्वत्रिकीकरणाची कसोटी निरर्थक नाही, पण ती स्वयंपूर्णही नाही. तिच्या आधी दोन प्रश्न विचारावे लागतात. कर्त्याने मांडलेले सूत्र त्याच्या समान परिस्थितीतील वर्तनाशी जुळते काय? आणि सूत्रातील प्रत्येक सामान्यनाम, ज्याला ते लावले जाते त्याच्यासमोर उच्चारता येते काय? डमडमच्या गोळीचे सूत्र ह्या दोन्ही प्रश्नांपाशी अडखळते. 'रानटी' हा शब्द आज कोणी परिषदेत उच्चारणार नाही. पण त्याच्या जागी येणारे नवे शब्द अधिक सभ्य व अधिक शास्त्रीय असतात, आणि म्हणूनच ते तपासणे अधिक कठीण असते. नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने शस्त्राची परीक्षा शस्त्रज्ञावर सोपवावी हे योग्यच. शस्त्राला परवानगी देणाऱ्या वाक्याची परीक्षा मात्र त्याचेच काम आहे.